दोनशे छप्पनचा चिमटा

आमच्या घरात दिवसभर एकच सूर वाजायचा, आणि तोही बहुतेक वेळा बेसूर. बाबा पेट्या दुरुस्त करायचे. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्याकडे तिला दुसरं नाव नव्हतं. मूळ धंदा सुतारकीचा, वखर-तिफणीचा. पण कधीतरी कुठल्याशा भजनी मंडळाची भाता फाटलेली पेटी त्यांच्याकडे आली आणि माणूस त्या पेटीतून परत बाहेर निघालाच नाही. वर्ध्याच्या बाजारात त्यांचं खोपटाएवढं दुकान होतं, पण सुराचं बारीक काम ते घरी, सिंदी मेघेच्या आमच्या ओसरीवर करत, कारण बाजारात कलकलाट फार. तेव्हा सिंदी मेघे वर्ध्याला चिकटलेलं खेडं होतं. आता वर्धा कुठे संपतं आणि सिंदी कुठे लागते हे रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही.

तर ओसरीवर बाबा बसलेले, पुढ्यात पेटीचं पोट उघडं, हातात बारीक कानस. पेटीत पितळेच्या पट्ट्या असतात, त्यांना रीड म्हणतात. रीडचं टोक घासलं की सूर चढतो, बुड घासलं की उतरतो. बाबा एकदा घासायचे, भाता हलवून ऐकायचे, परत घासायचे. सकाळी मायचं जातं थांबलं की यांचा सूर सुरू व्हायचा तो कंदील लागेपर्यंत. आमची आत्या लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे राहायला आलेली, तोंडाची तिखट. ती चुलीपुढून ओरडायची, "दादा, अरे ते ढोर मरून राह्यलं का जगून राह्यलं, येकदाचं ठरव ना रे!" बाबा हसायचे पण हात थांबवायचे नाहीत. माय आणि आत्या त्या सुराच्या वरच्या पट्टीत बोलायच्या. म्हणूनच आमच्या घरातल्या सगळ्या बाया मोठ्यानं बोलतात. माझ्या सुनेला अजून वाटतं मी भांडते आहे. मी भांडत नसते. म्हणजे नेहमीच नसते.

मी इंटर सायन्सला गेले तेव्हा वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पहिल्या बाकावर बसायचं, मान वर करायची नाही, असा सगळा मामला. पण ध्वनीचा धडा सुरू झाला आणि माझी मान आपोआप वर आली. सर सांगत होते की सूर म्हणजे एखादी वस्तू एका सेकंदात किती वेळा थरथरते त्याचा आकडा. त्या थरथरण्याला आंदोलन म्हणायचं, आणि मोजायचं सायकल्स पर सेकंदमध्ये. दोन सूर जवळजवळ जुळले, पण पुरते जुळले नाहीत, की आवाज मोठा-लहान, मोठा-लहान होतो. सेकंदाला जितक्या वेळा होतो तितकाच दोघांच्या आकड्यांत फरक. अगं बाई! हे तर मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. बाबा त्याला 'डोल' म्हणत. डोल मंदावत मंदावत थांबला की सूर लागला. मला इतका आनंद झाला की मी भर वर्गात उभी राहून म्हणाले, "सर, आमचे बाबा हे घरी रोज करतात!" वर्ग हसला. त्या हसण्याचं मला काही वाटलं नाही, पण ते वाक्य कुणीतरी लक्षात ठेवलं.

प्रयोगशाळेत नादकाट्यांची एक पेटी होती. नादकाटा हा शब्द मी पुढे शिकवायला लागले तेव्हाचा. कॉलेजात आम्ही फोर्क म्हणत असू आणि मी घरी सांगितलं तेव्हा तो चिमटा झाला. दोन पायांचा पोलादी चिमटा, रबराच्या हातोडीनं ठोकला की एकच एक स्वच्छ सूर देणारा. निळ्या मखमलीत आठ खाचा, प्रत्येक खाचेपाशी पांढऱ्या रंगात आकडा, पहिल्या खाचेशी २५६ आणि शेवटच्या खाचेशी ५१२. मी पहिल्या खाचेतला काटा घेऊन तारेवरचा प्रयोग केला. काटा ठोकायचा, तारेची लांबी कमी-जास्त करत तिचा सूर त्याच्याशी जुळवायचा, मग लांबी, वजन सगळं सूत्रात घालून गणित करायचं. माझं उत्तर दोनशे छप्पनला लागून आलं. तेव्हाचे म्हातारे डेमॉन्स्ट्रेटर "शाबास" म्हणाले आणि काटा खाचेत ठेवून दिला.

घरी येऊन मी बाबांना चिमट्याचं वर्णन करून सांगितलं. त्यांच्याजवळ सूर लावायला आधार म्हणजे एक जुनी परदेशी पेटी, तिची मधली 'पांढरी एक', म्हणजे मधल्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी. तीही उन्हाळ्यात बिघडायची. "म्हंजे थो चिमटा उन्हानं बिघडत नाई?" "फार थोडा, बाबा. कानाले कळतबी नाई." बाबा कानस हातात तशीच धरून बसले. मग म्हणाले, "असा येक चिमटा आपल्यापाशी असता तं म्या मरेपर्यंत दुसरं काई मागतलं नसतं." हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्याहून वाईट म्हणजे ते बाबांच्याही डोक्यात राहिलं.

म्हातारे डेमॉन्स्ट्रेटर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी हिवरकर सर आले. उंच, शिडशिडीत, कायम हातात पिवळं फडकं. ते प्रत्येक वस्तू पुसायचे, आणि पुसताना वाचायचे. वाईट माणूस नव्हता, हे मी आज म्हणते. तेव्हा मला तो यमदूत वाटला. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या म्हणून त्यांनी फोर्कची पेटी काढली, एकेक काटा पुसला, त्याच्या पायावरचा ठसा वाचला आणि मला बोलावणं धाडलं.

"या काट्याचा प्रयोग सगळ्यांत शेवटी तुम्हीच केला होता ना?" त्यांनी पहिल्या खाचेतला काटा माझ्यासमोर धरला. पायावर कोरलेलं होतं: ५१२. मग शेवटच्या खाचेतला दाखवला. त्यावरही ५१२. "दोनशे छप्पन कुठं आहे?" प्रयोगाच्या वेळी मी खाचेजवळचा आकडा वाचला होता, पायावरचा नाही. मी ठसा परत वाचला. तो पाचशे बाराच होता. काटाही बाकीच्या सातांपेक्षा वेगळा, जरा जाड, काळपट. "चांगला काटा गेला आणि त्या जागी जुनाट काटा आला," सर म्हणाले. "तुमच्या वडिलांचा पेट्यांचा धंदा आहे. मी आलो होतो दुकानात, आमच्या घरच्या पेटीसाठी. डबाभर असलंच सामान पडलेलं असतं तिथं. आणि भर वर्गात काय म्हणाला होतात, तेही सांगितलंय मला पोरांनी."

"पण सर, त्याचा आवाज ऐकून तरी..."

"आवाज मला शिकवू नका." त्यांनी पेटी कपाटात ठेवून कुलूप घातलं. "हा पुरावा आहे. शनिवारपर्यंत काटा आणून द्या, मी कुणाला काही बोलणार नाही, तुमच्या जर्नलवर सही होईल. नाही आणलात तर सही नाही." सही नाही म्हणजे प्रात्यक्षिकाला बसता येणार नाही. प्रात्यक्षिक नाही म्हणजे नापास. आणि नापास म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मोठे काका तळेगावला होते, त्यांनी आधीच बजावलं होतं की पोट्टीचं एक साल जरी वाया गेलं तरी पुस्तकं बंद, लगीन. बाबांनी थोरल्या भावापुढे मान डोलावली होती.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. मायनं ताट वाढलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि कांदा. मी ताटाकडे बघत बसले. मग सगळं सांगितलं, ओसरीवर बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, कारण आमच्या घरात दुसरी पट्टीच नव्हती. आत्या कडाडली, "त्या मास्तरच्या तोंडात माती पडो!" माय मात्र माझ्यासमोर बसली. माझ्या डोळ्यांत बघून तिनं विचारलं, "घेतला का तू?"

"नाई."

"मंग जेव."

बस्स, एवढंच. तिनं तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि ती उठली. मी जेवले. खरंच जेवले. आजही मला त्याचं नवल वाटतं.

पण ओसरीवरचा सूर थांबला होता. बाबांनी पेटी मिटून ठेवली. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. रागावले नाहीत, धीर दिला नाही, हिवरकर सरांना शिव्याही दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही कानस चालली नाही. घर इतकं गप्प झालं की शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायला आल्या, "तुमच्या इकडं कोनाची तब्येत गिब्येत खराब हाये का?" माय आणि आत्या सवयीनं ओरडून बोलायच्या आणि आपल्याच आवाजाला दचकायच्या. मी बाबांकडे चोरून बघायचे. ते माझ्याकडे बघायचे टाळत. त्या दोन-तीन दिवसांत मला हिवरकर सरांपेक्षा त्या शांततेची भीती जास्त वाटली.

शुक्रवारी बाबा सकाळच्या पॅसेंजरनं कुणालाही न सांगता नागपूरला गेले. संध्याकाळी परतले, पाय धुतले, आणि कापडात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यापुढे ठेवली. मी कापड उलगडलं. नवा कोरा फोर्क होता. पायावर ठसा: २५६.

"उद्या देऊन दे त्यायले," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले.

"म्हंजे? म्हंजे मी चोर हाये म्हून कबूल करू?"

"परीक्षा तं होईन ना."

"बाबा, म्या काईच घेतलं नाई तं वापस काय देऊ?"

"वच्छे," त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं, "साल गेलं तं मी तळेगावच्या दादाले काय सांगू? पाया पडतो तुह्या. देऊन दे." आणि ते उठून मागच्या दारी निघून गेले. मी रडले, संतापानं रडले. बापानं लेकीच्या पाया पडायची भाषा करावी! आत्या पदरानं डोळे पुसत होती. माय म्हणाली, "काय करायचं थे तू ठरव. पन त्याले शिव्या नोको देऊ मनातल्या मनात. थो उपाशी गेलता नागपूरले."

पहाटे माय जात्यावर बसली होती तेव्हा मी तो फोर्क हातात घेतला. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाबांनी तो वाजवून पाहिलाच नव्हता. आयुष्यभर ज्याचा ध्यास घेतला ती वस्तू त्यांनी नागपूरहून मांडीवर घेऊन आणली आणि एकदाही ठोकली नाही. मीच ती गुडघ्यावर ठोकली आणि दांडा पाटावर टेकवला. सूर उठला. पांढरी एक, बाबांच्या पेटीतल्यापेक्षा किंचित चढी. हा सूर मी ऐकलेला होता. तारेवर जुळवलेला होता. कॉलेजातला पहिल्या खाचेतला तो जाडसर काळपट काटा अगदी असाच बोलायचा. पण त्यावर तर पाचशे बारा लिहिलं होतं! पाचशे बाराचा सूर एक सप्तक वर असतो, बहिऱ्यालाही कळावा इतका वर. माझा कान चुकला होता, की ठसा? तीन दिवस चोर म्हणवून घेतल्यावर माणसाचा स्वतःच्या कानावरही विश्वास राहत नाही.

बाबांनी मला सायकलच्या मागच्या सीटवर बसवून कॉलेजात नेलं. फाटकाशी कडुनिंबाखाली ते सायकल धरून उभे राहिले. मी पिशवी छातीशी धरून आत गेले. प्रयोगशाळेत हिवरकर सर होते, आणि माझ्या नशिबानं मोठे सरही होते. मोठे सर म्हणजे आमचे पदार्थविज्ञानाचे मुख्य प्राध्यापक, जाड चष्म्याचे, मितभाषी. हिवरकर सरांनी त्यांच्यासमोरच हात पुढे केला. "आणलात?"

पिशवीत हात घालायचा, फोर्क त्या हातावर ठेवायचा, की झालं. जर्नल टेबलावर उघडं पडलेलं होतं, शेजारी टाक. बाहेर बाबा उभे होते. मी फोर्क बाहेर काढला आणि माझा हात पुढे जाईना.

"आणलाय," मी म्हणाले. माझा आवाज नको तितका मोठा निघाला. "पण हा तुमचा नाही. हा माझ्या बाबांनी काल विकत आणला. तुमचा तुमच्या कपाटातच आहे."

"आता आणखी खोटं बोलणार?" हिवरकर सर लाल झाले. मोठ्या सरांनी चष्मा वर केला. "बेटा, काय म्हणायचंय तुला?"

मी म्हणाले, सर, अनुनादाच्या प्रयोगाच्या त्या दोन पोकळ पेट्या काढा. एकीवर हा बसवा, दुसरीवर तो पहिल्या खाचेतला. दोघांचा आकडा एक असेल तर एक वाजवल्यावर दुसरा आपोआप बोलेल. नसेल तर नाही बोलणार. आणि नाही बोलला तर मी चोर, हा फोर्क ठेवून घ्या. हे शेवटचं कुठून आलं कोण जाणे. "ठशावर स्वच्छ लिहिलंय, सर, कशाला वेळ..." हिवरकर सर म्हणू लागले. मोठे सर एवढंच बोलले, "कपाट उघडा."

हातभर लांबीच्या दोन लाकडी पेट्या टेबलावर समोरासमोर ठेवल्या. एका पेटीवर बाबांचा फोर्क, दुसरीवर तो काळपट. मोठ्या सरांनी हातोडी माझ्या हातात दिली. मी बाबांचा फोर्क ठोकला. खोली भरून गेली. मग दोन्ही पाय मुठीत घट्ट धरले. माझ्या मुठीत थंडगार, गप्प पोलाद होतं.

आणि सूर चालूच होता. बारीक, पण स्वच्छ. टेबलाच्या पलीकडून येत होता. ज्याला कुणी हात लावला नव्हता तो काटा बोलत होता.

मोठ्या सरांनी काळपट काटा बोटानं थांबवला, काढला, आणि शेवटच्या खाचेतला, खरा पाचशे बाराचा, त्या जागी बसवला. "पुन्हा." मी पुन्हा ठोकलं, पुन्हा मूठ आवळली. यावेळी खोलीत काहीच उरलं नाही. मग सर काळपट काटा घेऊन खिडकीपाशी गेले, भिंग लावलं, बराच वेळ बघत राहिले आणि एकदम हसले. "हिवरकर, आकड्यानंतर दोन अक्षरं आहेत, व्ही. एस. बारीक, झिजलेली. हा फ्रान्समधला काटा आहे, माझ्याही आधी कुणीतरी दिलेला." मग माझ्याकडे वळले. "बेटा, झोका पुढे गेला आणि मागे आला, तर एक झोका झाला की दोन?"

"एक, सर."

"आपण एक म्हणतो. तिकडचे जुने लोक जाणं वेगळं मोजत, येणं वेगळं मोजत. म्हणून त्यांचं पाचशे बारा ते आपलं दोनशे छप्पन. काटा बरोबर, ठसा बरोबर, वाचणारा मात्र एकक न वाचता नुसता आकडा वाचतो."

आता सायकल्स पर सेकंदही गेलं. हर्ट्झ आलं, रेडिओच्या तबकडीवरचे किलोसायकल्स जाऊन किलोहर्ट्झ झाले. मी पुढे जन्मभर शाळेत हेच शिकवलं, आणि उत्तरापुढे एकक लिहिलं नाही की निम्मे गुण कापत आले. पोरं मागे मला खडूस म्हणायची. म्हणोत. निव्वळ आकड्यानं काय होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

हिवरकर सरांनी माफी मागितली नाही. त्यांनी तो काळपट काटा फडक्यानं पुसला, पहिल्या खाचेत ठेवला, टाक उचलून माझ्या जर्नलवर सही केली. सही वाकडी आली. मला त्यांचा राग येत होता, आणि त्या वाकड्या सहीकडे बघून थोडी कीवही आली.

बाहेर आले तर बाबा कडुनिंबाखाली तसेच उभे. माझ्या हातात फोर्क बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाई घेतला त्यायनं?"

"घेत कायचे? त्यायचा त्यायच्यापाशीच होता, बाबा. सही झाली." आणि मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. आम्ही चालायला लागलो. सायकल ते हातानंच ढकलत होते. बरंच चालल्यावर मला राहवेना. "बाबा, तुमी मले येकदाबी इचारलं नाई. म्या घेतला का म्हून."

सायकलची चेन कटकट वाजत होती. गावाची पहिली घरं लागली तेव्हा ते थांबले.

"तू हो म्हटलं असतं तं?" ते म्हणाले. "माह्याच तोंडून निंगालं होतं ना, असा चिमटा पायजे म्हून. तुनं माह्यासाठी चोरी केली असती, तं म्या कोनतं तोंड दाखवलं असतं तुले?"

मी फोर्क सायकलच्या सीटवर ठोकला आणि दांडा त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकवला. भर रस्त्यात. बाबांनी डोळे मिटले. सूर विरून गेल्यावरही मिटूनच उभे होते, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं.

घरी माय भाकरी थापत होती. बाबा चपला न काढताच दारात उभे राहिले आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आपल्या पोरीनं घेतला नव्हता!"

मायनं मान वर केली नाही. तव्यावरची भाकर उलटली, शेजारी दोन ताटं मांडली.

"मंग जेवा," ती म्हणाली.